बॅटरी ठणठणीत, तरी गाडी सुरू होईना

किल्ली फिरवली की बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच ठसठशीत आवाज यायचा. कधी त्यामागून इंजिन जेमतेम हललं-न हललंसं घुरघुरायचं, कधी तेही नाही. पुन्हा किल्ली फिरवावी, पुन्हा टक्. मग मध्येच केव्हातरी, कशामुळे ते न कळता, सेल्फ झटक्यात लागायचा आणि दिवसभर काही तक्रार नसायची. गाडी साधी, छोटी, पेट्रोलवरची, हाताने गिअर टाकायची. सकाळी थंड इंजिनावर बहुतेकदा सुरू व्हायची. लांबचा पल्ला मारून थांबलो आणि इंजिन तापलेलं असलं की हमखास अडायची.

बिघाड कायमचा असता तर बरं झालं असतं. मधूनमधून डोकं वर काढणारा बिघाड गॅरेजमध्ये नेमका लपून बसतो. तिथे गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि समोरचा माणूस आपल्याकडे बघत राहतो.

एकदा अशीच अडली तेव्हा एका मित्राने त्याची गाडी शेजारी आणून लावली, जम्पर केबल जोडल्या आणि माझं इंजिन लगेच सुरू झालं. “बॅटरी गेलीय तुझी, दुसरं काही नाही,” तो म्हणाला. ऐकणाऱ्या कुणालाही हे पटेल. दुसऱ्या बॅटरीचा जोर मिळाल्याबरोबर गाडी सुरू झाली, म्हणजे आपली बॅटरी कमजोर. गॅरेजवाल्याने त्यात सेल्फही घातला. “साहेब, बॅटरी नाहीतर सेल्फ. दोन्ही बदलून टाका, कटकट मिटेल.” तो माणूस प्रामाणिक होता, त्याच्या अनुभवात बहुतेक वेळा हेच निघत असणार. पण दोन महागाचे भाग निव्वळ शक्यतेवर बदलायला माझं मन तयार होईना. शिवाय एक गोष्ट खटकत होती. गाडी अडायची तेव्हा मी हेडलाइट लावून सेल्फ मारून बघितला होता. दिवे मंदावले, पण विझायला आले नाहीत.

हेडलाइटची ही परीक्षा फुकटची आहे आणि बरंच काही सांगून जाते. सेल्फ मारताच दिवे एकदम मेल्यासारखे होत असतील तर बॅटरीत दम नाही, नाहीतर स्टार्टर (सेल्फची मोटर) किंवा इंजिन अडकून बसलंय आणि प्रचंड करंट ओढतंय. दिवे जराही हलले नाहीत तर स्टार्टरपर्यंत मोठा करंट पोचतच नाही. माझं मधलंच काहीतरी होतं. बॅटरीवर ओझं पडत होतं, पण जेवढं पडायला हवं तेवढं नाही. करंट कुठेतरी वाटेत अडत होता.

आवाजही ऐकायला शिकावं लागतं. बारीक बारीक टकटकटक असा पाठोपाठ आवाज येतो तेव्हा बहुधा बॅटरी उतरलेली असते. सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला मोठा करंट जोडून देणारा विजेवरचा स्विच, ओढला जातो, ओझं येताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत चढतं, तो पुन्हा ओढला जातो. काहीच आवाज नसेल तर किल्लीचा स्विच, फ्यूज, स्टार्टरचा रिले (किल्लीच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच), क्लचखालचा स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्क किंवा न्यूट्रलवर आहे का, ही बाजू बघायची. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, हा तर वेगळाच प्रकार. तिथे बॅटरी आणि सेल्फचा विचार सोडून द्यायचा आणि पेट्रोल, ठिणगी, चोरीरोधक यंत्रणेचा लुकलुकणारा दिवा यांच्या मागे लागायचं. किल्ली ऑन करताच मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण येते का ते ऐकायचं. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावून पी०३३५ सारखा क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय का ते ओळखणाऱ्या सेन्सरचा, कोड आहे का ते पाहायचं. मला त्या वाटेला जायचं कारणच नव्हतं. माझा एकच ठाम टक् सांगत होता की किल्ली, रिले आणि सोलेनॉइडची बारीक वायर आपापलं काम करताहेत.

सुरुवात बॅटरीपासूनच केली, कारण ती निर्दोष असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. गाडी रात्रभर उभी होती. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन्ही टर्मिनलांवर टोकं लावली. १२.५. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या आसपास म्हणजे रिकामी. म्हणजे चार्ज चांगला होता. पण हा आकडा चार्ज किती आहे एवढंच सांगतो, ताकद किती आहे ते सांगत नाही. आतल्या प्लेटी खराब झालेली बॅटरीही निवांत पडून असताना १२.५ दाखवू शकते. म्हणून ती लोड टेस्टला नेली. बॅटरीवर जो सीसीए (थंडीत ती किती अँपिअर देऊ शकते तो) आकडा लिहिलेला असतो त्याच्या निम्म्या अँपिअरचं ओझं १५ सेकंद टाकतात, आणि तेवढ्या वेळात व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. माझी बॅटरी त्याच्या बऱ्याच वर राहिली.

बॅटरी सुटली. आता सेल्फ, किंवा त्याच्यापर्यंतची वाट.

इथे स्टार्टर मोटर ही काय चीज आहे ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पूर्वी इंजिन लोखंडी हँडल मारून फिरवावं लागे आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडे. विजेवरचा सेल्फ चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. त्यांच्या आधी अनेकांना वाटे की इंजिन फिरवायला एवढी मोठी मोटर लागेल की ती गाडीत मावणार नाही. केटरिंग यांनी ओळखलं की ही मोटर दिवसभर चालवायची नाही, काही क्षण चालवायची आहे. म्हणून मोटर लहान ठेवा आणि तेवढ्या क्षणांसाठी तिच्यातून तिच्या कुवतीबाहेरचा करंट जाऊ द्या. ही युक्ती आजही तशीच आहे. छोट्या पेट्रोल इंजिनाचा स्टार्टरसुद्धा फिरताना दीडशे अँपिअरच्या आसपास खातो, आणि अगदी पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिट-दोन मिनिटं विश्रांती द्यावी.

एवढा करंट वाहतो तिथे नगण्य विरोधही नगण्य राहत नाही. ओम यांचा १८२७ सालचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. करंट गुणिले विरोध बरोबर व्होल्टेज. दोनशे अँपिअर वाहत असताना वाटेत कुठे ०.०३ ओमचा विरोध असला तर तिथेच सहा व्होल्ट खर्ची पडतात, आणि स्टार्टरच्या वाट्याला निम्मंही उरत नाही. आता हाच ०.०३ ओम मल्टीमीटरच्या ओमच्या खुणेवर शोधायला जा. साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच विरोध त्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे दोष दिसतच नाही. मीटरचा बजर लावून केबल तपासली तर तो खुशाल वाजतो. केबल ‘चालू’ आहे असं प्रमाणपत्र मिळतं आणि गाडी तशीच अडून बसते. अशा दोषाला पकडायचा मार्ग एकच. करंट वाहत असताना, सेल्फ मारलेला असताना, कुठे किती व्होल्ट गळतात ते मोजायचं.

हे काम एकट्याने होत नाही. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटर धरायचा. मुलगी मदतीला आली. तिला सांगितलं, मी म्हणेन तेव्हा मारायचा, दोन सेकंद धरायचा, मी ‘बस’ म्हटलं की सोडायचा. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलमध्ये टाकला, आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही आणि माझे हात इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापाशी असताना भलतंच काही घडणार नाही. सैल बाह्या वर केल्या, अंगठी काढली. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातूची अंगठी सापडली तर बोट भाजायला क्षणही लागत नाही. आदल्या अनुभवावरून इंजिन तापवूनच आणलं होतं, म्हणजे दोष हजर राहील.

“बाबा, मारू?”

“मार.”

टक्. घुर्र. गप्प. बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर १०.९ दाखवत होता. बॅटरी दम धरून होती.

मग लाल टोक स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर आणि काळं टोक स्टार्टरच्याच अंगावर. पुन्हा सेल्फ. ४.३ व्होल्ट! बॅटरीकडून १०.९ निघतात आणि स्टार्टरला पोचतात ४.३. बिचारा स्टार्टर फिरणार कसा? आणि मी त्याला बदलायला निघालो असतो तर नव्या स्टार्टरलाही तेवढेच मिळाले असते.

बाकीचे ६.६ व्होल्ट गेले कुठे? वाटा दोनच. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्टार्टरपर्यंत जाणारी लाल केबल, आणि स्टार्टरच्या अंगातून, इंजिनातून, बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परत येणारी अर्थिंगची वाट. लोक जाण्याची वाट बघतात, येण्याची विसरतात. आधी पॉझिटिव्ह बाजू मोजली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरं स्टार्टरच्या टर्मिनलवर, आणि सेल्फ. ०.४ व्होल्ट. या बाजूला ०.५ पर्यंत चालतं, म्हणजे ठीक. मग निगेटिव्ह. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं स्टार्टरच्या अंगावर. इथे ०.२ च्या वर काही दिसायला नको.

६.२.

मी पुन्हा मोजायला सांगितलं. तेच. हिशेबही चोख जुळत होता. ०.४ अधिक ६.२ अधिक स्टार्टरचे ४.३, बरोबर १०.९. गाडी इतके आठवडे जे लपवत होती ते अखेर आकड्यात आलं. मुलीला बॉनेटपाशी बोलावून मीटर दाखवला. तिने विचारलं, “म्हणजे वीज जाते, पण परत येत नाही?” इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

आता वाट तुकड्यातुकड्याने मोजायची. टोकं धातूवर नीट टेकवायची, रंगावर किंवा गंजावर नाही. आणि बॅटरीच्या बाजूचं टोक क्लॅम्पवर न ठेवता खांबावरच ठेवायचं, नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला दोष निसटतो. खांबापासून क्लॅम्पपर्यंत ०.०५. क्लॅम्पपासून बॉडीच्या बोल्टपर्यंत ०.१. बॉडीपासून इंजिनाच्या अर्थ पट्टीच्या (बॉडी आणि इंजिन जोडणाऱ्या तारेच्या पट्टीच्या) वरच्या टोकापर्यंत पुन्हा ०.०५. खुद्द पट्टीत ०.९, हे जास्तच. आणि पट्टीचं खालचं टोक जिथे गिअरबॉक्सच्या खोळीला बोल्टने कसलेलं असतं, तिथे एका जोडात ५.१ व्होल्ट.

हा जोड बॅटरीच्या ट्रेच्या बरोबर खाली होता. वरून बघितलं तर बोल्ट जागेवर, पट्टी जागेवर, हाताला घट्ट. पण नुकताच सेल्फ मारलेला असल्याने जवळ हात नेताच धग लागली. लागणारच. दोनशे अँपिअर आणि पाच व्होल्ट म्हणजे हजार वॉट, इस्त्रीइतकी उष्णता एका बोल्टच्या खाली. तापलं की धातूचा विरोध वाढतो, जोड प्रसरण पावून किंचित उसवतो, विरोध आणखी वाढतो. तापलेल्या इंजिनावरच गाडी का अडायची त्याचं उत्तरही इथेच होतं. आणि मधूनच आपोआप का लागायची त्याचंही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, प्रत्येक धक्क्याने हलतं, आणि जोडाचे खडबडीत पृष्ठभाग कधी नीट टेकतात, कधी नाही.

बोल्ट काढायच्या आधी एक खात्री करून घ्यायची होती. जम्पर केबलमधली एकच काळी केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनावरच्या उघड्या लोखंडी हुकाला. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही, काही बदललेलं नाही. “मार,” म्हटलं. इंजिन गरगर फिरलं. फ्यूज काढलेला होता म्हणून, नाहीतर सुरूच झालं असतं.

आणि तेव्हा त्या दिवशीचं जम्प स्टार्ट डोळ्यांसमोर आलं. मित्राने नियमाप्रमाणे अगदी बरोबर जोडणी केली होती. शेवटचा काळा चिमटा माझ्या बॅटरीवर न लावता, बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या धातूवर लावला होता. तसंच करायचं असतं, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. पण त्या चिमट्यामुळे माझा खराब जोड वगळला गेला होता. स्टार्टरचा करंट त्याच्या गाडीच्या बॅटरीकडे थेट परत जात होता. गाडी सुरू झाली ती नवी अर्थिंग मिळाली म्हणून, आणि आम्ही निदान केलं बॅटरीचं. जम्पर लावल्यावर गाडी सुरू होते एवढ्यावरून बॅटरीला दोषी धरता येत नाही, हे मी आता ज्याला त्याला सांगतो. चिमटा कुठे लावला होता ते आधी विचारा.

दुरुस्ती मात्र साधी निघाली. आधी बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प काढला. काढताना निगेटिव्ह पहिला, जोडताना निगेटिव्ह शेवटचा, हा क्रम पाळला की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. ट्रे उचलला, बोल्ट सोडवला. खालच्या बाजूला पांढरट-हिरवी पूड जमली होती, वॉशरच्या खाली खोलवर. वर कधीकाळी आम्लाचे ओघळ आले असणार आणि ते नेमके इथे उतरले. पट्टी तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली असते. तिच्या टोकापाशी बऱ्याच तारा तुटून नुसत्या आवरणाने धरून राहिल्या होत्या. पट्टीत ०.९ व्होल्ट का गळत होते ते कळलं. पट्टी नवी घेतली, तेवढ्याच जाडीची. इथे हाताला लागेल ती वायर लावून भागत नाही, कारण स्टार्टरचा सगळा करंट हिच्यातून जातो. खोळीवरची जागा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, वाळवली, पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासली, आटे तारेच्या ब्रशने साफ केले, बोल्ट नवा घातला आणि कसल्यावर वरून ग्रीसचा थर दिला. ग्रीस जोडाच्या आत नाही, बाहेरून, ओल आत जाऊ नये म्हणून.

मग इंजिन तापवून पुन्हा तीच मोजणी केली. हे माझ्या मते दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं. गाडी सुरू झाली एवढ्याने माझं समाधान होत नव्हतं, कारण ती आधीही मधूनमधून सुरू होतच होती. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर १०.८, पॉझिटिव्ह बाजूला ०.४, अर्थिंगच्या सगळ्या वाटेत मिळून ०.१, आणि स्टार्टरला १०.३.

फ्यूज परत बसवून गाडी सुरू केली आणि चार्जिंगही तपासलं. हे मी जोड उघडण्याआधीही मोजून ठेवलं होतं. तेव्हा हेडलाइट लावून बॅटरीवर १३.१ मिळत होते आणि मला अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, शंका आली होती. आता १४.१. अल्टरनेटरही इंजिनालाच बसवलेला असतो, त्याचा करंटही त्याच पट्टीतून फिरतो. म्हणजे तो ठीक होता, त्याने बनवलेल्या विजेतला एक व्होल्ट त्याच बोल्टखाली गळत होता. हा जोड तसाच राहिला असता तर बॅटरी अर्धपोटी राहून काही काळाने खरोखरच गेली असती, आणि मग सगळ्यांनी म्हटलं असतं, बघ, सांगितलं होतं ना, बॅटरीच होती.

गॅरेजवाल्याला जुनी पट्टी नेऊन दाखवली. त्याने ती हातात वाकवून तुटक्या तारा पाहिल्या, आणि आकडे कसे मोजले ते विचारून घेतलं. त्याच्याकडे तेव्हा आणखी एक गाडी टक् करून अडलेली उभी होती. आम्ही दोघांनी मिळून तिची मोजणी केली. तिची अर्थिंग उत्तम होती आणि दोन्ही केबलींत गळती नव्हती. स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर सेल्फ मारताना पुरते १२ व्होल्ट येत होते, हेडलाइट जराही मंदावत नव्हते, तरी मोटर हलत नव्हती. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क झिजले होते. तिथे मात्र सेल्फ उतरवायलाच हवा होता, आणि तो त्याने उतरवायला घेतला.